'चोचले' म्हणणाऱ्या वाचकास

पाळीच्या दिवसांनुसार आहार या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलंय: "ताई, पाळीच्या आधी भूक वाढते वगैरे सगळे चोचले. आमच्या आईने कधी तारीख बघून जेवण केलं नाही. जवस-तिळाने हार्मोन्स सुधारतात याला पुरावा काय? आधी अभ्यास करा, मग लिहा."

नमस्कार. मतभेद जरूर असावेत, पण ही काय बोलायची पद्धत? दोन महिने रात्री जागून लिहिलेल्या लेखाला तुम्ही चार ओळींत निकालात काढलंत. 'चोचले' हा शब्द आईसमोर काढला असतात का?

एक चूक मान्य करते. चक्र 28 दिवसांचं असं मी सरसकट लिहिलं होतं. 24 ते 38 दिवसांचं चक्रही सामान्यच धरतात. तेवढं दुरुस्त केलंय.

आता चोचल्यांबद्दल. अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडलं की तिथे मागे उरलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवू लागतात. त्याने शरीराचं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढतं आणि पाळी येईपर्यंत तसंच राहतं. सकाळी उठल्या उठल्या थर्मामीटर लावला तर घरच्या घरी दिसतं. याच दिवसांत अनेकींची भूक थोडी वाढते. सगळ्याजणींची नाही, आणि फार नाही, एखाद-दीड पोळीची. पण ती खरी असते हो! कुणी मुद्दाम आणत नाही.

2014 साली मी डोंबिवलीहून सीएसटीला जायचे. पाळीचा दुसरा दिवस, पोटात सकाळचा नुसता चहा. ठाणं गेलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. लेडीज डब्यातल्या एका मावशींनी उठून मला बसवलं, पिशवीतली राजगिऱ्याची वडी काढून तळहातावर ठेवली. म्हणाल्या, "आधी खा, मग बोल." हिमोग्लोबिन 8.1 निघालं. ऑफिसात मात्र 'नाटकं' हाच शब्द ऐकला. म्हणून तुमचा शब्द झोंबला. लोहाच्या गोळ्या तर घेतल्याच, पण जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलला, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. मेथी-पालकावर लिंबू पिळायला लागले. सहा महिन्यांनी 11.4. हा माझा अभ्यास, आणि तो मी अंगावर काढलाय.

तुमच्या आईने तारीख बघितली नसेल. माझ्याही नाही. ती सगळ्यांची पानं झाल्यावर पातेलं खरवडून जेवायची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आईचा दाखला देण्याआधी तिचं हिमोग्लोबिन कधी तपासलंत का?

बियांवर लेखात जेमतेम दोन ओळी होत्या, त्यावरून एवढं रान उठवायचं कारण नव्हतं.

घरातल्या बायकांना आज विचारा, पाळीच्या आधी त्यांना काय खावंसं वाटतं. त्यांचं उत्तर इथे लिहिलंत तर आनंदाने ठेवेन. पुन्हा 'चोचले' आलं तर प्रतिक्रिया काढून टाकेन.