युद्धाचं कर्ज फेडायचंय? मग आधी सावकार नीट ओळखा

काल ग्रुपवर काकांचा तो फॉरवर्ड पुन्हा आला. 'देश असावा तर ब्रिटनसारखा, महायुद्धाचं कर्ज 2006 साली शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं!' खाली चार नमस्कार. तेव्हा युद्धही लढायचंय आणि वर सचोटीचं प्रमाणपत्रही हवंय, अशा होतकरू अर्थमंत्र्यांसाठी ही रीत.

सावकारांचे दोन ढीग करा. ज्याच्यापुढे उद्या पुन्हा हात पसरायचाय तो पहिला. अमेरिकेने 1946 साली 375 कोटी डॉलर दिले, 2 टक्क्यांनी, 50 वार्षिक हप्त्यांत. हप्ता पुढे ढकलायची सोय करारातच घालून घ्या. सहा वेळा कामी येते.

त्याआधीच्या महायुद्धाचं अमेरिकेचं देणं? 1934 पासून भरू नका, आणि विषयही काढू नका.

त्याच पहिल्या महायुद्धासाठी घरच्या ठेवीदाराला देशभक्तीची पोस्टरं दाखवून 5 टक्क्यांचे रोखे विका. 1932 साली व्याज साडेतीनवर आणा. मुद्दल परत हवं त्याने अर्ज करावा. गप्प बसला तो राजी. लवकर 'हो' म्हणेल त्याला शंभरामागे 1 पौंड बक्षीस. मुद्दल 2015 साली द्या. आकडा तोच ठेवायचा, त्यात काय येतं ते महागाई बघून घेते.

फारच घाई असेल तर जर्मनीची पद्धत: 1923च्या नोव्हेंबरात 1 लाख कोटी जुने मार्क म्हणजे 1 रेंटेनमार्क, हे नवं चलन. युद्धाचं 15,400 कोटी मार्कांचं देशांतर्गत कर्ज 15.4 फेनिगांत, म्हणजे त्यांच्या पैशांत, साफ.

आता दुसरा ढीग. ज्याच्यावर आपलंच राज्य आहे, असा सावकार; ब्रिटनसाठी तो म्हणजे भारत. याच्यासारखा गुणी सावकार नाही. त्याच्याकडून कापड, ताग, पोलाद, धान्य, माणसं, सगळं उचला. रोख देऊ नका. लंडनमध्ये त्याच्या नावावर पौंड मांडा आणि त्या नोंदीच्या तारणावर मुंबईत रिझर्व्ह बँकेला रुपये छापू द्या. नोटा सहापट होतील, भाव भडकतील, 1943 साली बंगालात लाखो माणसं भुकेने मरतील; पण खातेवही बिनचूक! 1944 साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सला, युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या परिषदेत, भारतीय शिष्टमंडळाने, ज्यात आपले चिंतामणराव देशमुखही होते, या पैशाचा विषय काढला, तर ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी गोड शब्दांत सांगितलं की हा संबंधितांचा आपसातला मामला. तिकडे चर्चिलना उलट आपल्यावरच दावा लावायचा होता, तुमचं रक्षण केलं म्हणून!

14 ऑगस्ट 1947ला, दुसऱ्या दिवशी झेंडा फडकायचाय अशा मुहूर्तावर, या पैशाबाबत भारताशी करार. एक खातं खुलं, दुसरं गोठवलेलं. 116 कोटी पौंडांतले डिसेंबरपर्यंत खर्चायला 3.5 कोटी, हाताशी आणखी 3 कोटी. पुढच्या वर्षी त्याच पैशांतून लष्कराचं उरलंसुरलं सामान 10 कोटी पौंडांना गळ्यात मारा. परत गेलेल्या गोऱ्या साहेबांच्या पेन्शनींचे 16.8 कोटीही त्यातूनच वळते करा. मग 18 सप्टेंबर 1949ला पौंड 4.03 डॉलरवरून 2.80वर आणा. शिलकीचा आकडा जागच्या जागी; अमेरिकेतून यंत्रं आणायला गेलात की तीस टक्के गायब. रुपयाही सोबतच खाली आला, म्हणून आपल्या वहीत तोटा दिसतसुद्धा नाही.

दिले का पैसे? दिले हो! त्यांच्या सवडीने, त्यांच्या भावाने, आपल्याच खिशातून आधी वजावट करून. आणि 1951 साली, ब्रिटनकडे आपले कोट्यवधी पौंड पडलेले असताना, आपण गव्हासाठी अमेरिकेकडून 19 कोटी डॉलर कर्ज काढलं. सावकार दुसऱ्याच्या दारात धान्य मागतोय, आणि ऋणको सचोटीचा पुतळा!

आता पुरे हा शहाणपणा. 2006चा तो हप्ता अमेरिकेला आणि कॅनडाला गेला, काका. आपल्याला नाही. ज्याने आपले पैसे वर्षानुवर्षं अडकवून ठेवले त्याचे गोडवे गाताना, निदान पावती कोणाच्या नावाची आहे तेवढं वाचायचं होतं. दोन मिनिटांचं काम आहे, तेही जमत नाही? आणि ते चार नमस्कार काढा आधी.