परिचारिका भरतीसेवेवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपल्या रुग्णालयाच्या वतीने आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : स्टाफ नर्स तातडीने हव्या असताना आम्ही हजेरी, रोस्टर, पगारपत्रक आणि राजीनाम्यांच्या नोंदी मागत वेळ घालवला, केरळमधील एका उमेदवाराची निवड होऊनही तिला लगेच रुजू होऊ दिले नाही, आणि रुजू झालेल्यांपैकी दोघी लवकरच सोडून गेल्या. ‘बायोडेटा पाठवा, बाकीचे आम्ही पाहू’ ही आपली अपेक्षा होती, असेही आपण लिहिले आहे. हे उत्तर सर्वांना वाचता येणार असल्यामुळे आपल्या रुग्णालयाचा एकही अंतर्गत आकडा मी येथे देणार नाही. कामाची पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण आपला मुख्य रोख तिच्यावरच आहे.

बहुतेक मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयांत परिचारिकांविषयीची माहिती चार ठिकाणी विखुरलेली असते. हजेरी बायोमेट्रिक यंत्रात, पाळ्या मेट्रनच्या (मुख्य परिचारिकेच्या) वहीत किंवा एक्सेलमध्ये, पगार लेखा विभागाच्या टॅलीत आणि राजीनामे एचआरच्या फायलीत. एकाच परिचारिकेचे नाव या चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते, त्यामुळे या नोंदी एकमेकींशी जुळवून कोणी पाहत नाही. आम्ही प्रत्येकीला एकच सांकेतिक क्रमांक देऊन त्या वॉर्डनिहाय एकत्र लावतो. राजीनामे एकाच वॉर्डातून येत आहेत का, सलग नाइट लागल्यानंतर येत आहेत का, आयसीयूसाठी घेतलेल्या सिस्टरना वरचेवर जनरल वॉर्डात पाठवले जाते का, हे त्यानंतरच दिसू लागते. नुसत्या बायोडेटांच्या गठ्ठ्यातून यातले काहीही कळत नाही.

मागणीचा आकडासुद्धा याच नोंदींतून ठरतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला एका खाटेमागे एक परिचारिका असावी आणि रजा-सुट्ट्यांसाठी वर 30 टक्के राखीव मनुष्यबळ असावे. म्हणजे 10 खाटांच्या आयसीयूसाठी तीन पाळ्यांच्या 30 आणि राखीव 9, अशा 39 परिचारिका लागतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी राखीव मनुष्यबळ धरलेलेच नसते. मग कोणी रजेवर गेले की दुसरीला डबल ड्युटी लागते, आणि डबल ड्युटीला कंटाळून ती राजीनामा देते. अशा ठिकाणी ‘पाच जागा रिकाम्या आहेत’ या मागणीमागे कधी पाचांहून जास्त जागा निघतात, तर कधी एकही नवी जागा न भरता पाळ्यांची फेरआखणी पुरेशी ठरते. दुसऱ्या प्रकारात आमचे काम कमी होते, हे मान्य. पण ते रुग्णालयाला सांगणे आम्ही आमच्या सेवेचाच भाग मानतो.

केरळमधील उमेदवाराबद्दल लिहायला फारसे काही नाही. दुसऱ्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या परिचारिकेने येथे काम सुरू करण्यापूर्वी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घेणे आवश्यक असते. ही नोंदणी पूर्ण होण्याआधी परिचारिकेला वॉर्डात उभे केले, तर काही अनुचित घडल्यास जबाबदारी रुग्णालयावर आणि तिच्यावर येते. ही अट आम्ही कोणत्याही घाईत शिथिल करत नाही.

आता सोडून गेलेल्या दोघींविषयी. त्यांची कारणे त्यांनी आम्हाला विश्वासाने सांगितली असल्याने ती येथे मांडणे योग्य नाही. सर्वसाधारणपणे मात्र पगार, राहण्याची सोय आणि सलग नाइट हीच कारणे पुन्हा पुन्हा ऐकू येतात. शिवाय दोनेक वर्षांचा अनुभव गाठीशी आला की आखाती देशांतील नोकरी खुणावतेच. पगार हा आपला अंतर्गत प्रश्न असल्याचे आपण म्हटले आहे. तो जरूर आपला आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही दरमहा किमान 20,000 रुपयांची शिफारस केली होती आणि 200 हून अधिक खाटा असल्यास राज्य शासनाच्या परिचारिकांइतके वेतन सुचवले होते. त्या शिफारशी उमेदवारांनाही ठाऊक असतात, आणि मुलाखतीत त्या गप्प राहिल्या तरी जॉइनिंगनंतर तुलना करतात. भरतीचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवता येते. परंतु माणूस टिकेल अशी पाळी, असे हॉस्टेल आणि असा पगार बाहेरची संस्था देऊ शकत नाही.

शुल्काबद्दलही आपण टोमणा मारला आहे. प्रत्येक जॉइनिंगमागे पैसे घेणाऱ्या एजंटाला परिचारिका सोडून गेली की दुसरी पाठवून पुन्हा कमाई होते. म्हणूनच आम्ही माणशी दलाली न घेता दरमहा ठरावीक शुल्क घेतो. उमेदवारांकडून एक रुपयाही घेतला जात नाही. आपली माहिती आपलीच आहे, याविषयी दुमत नाही : करार संपताच ती आपल्याला परत देऊन आमच्याकडील प्रती पुसल्या जातात, आणि उमेदवारांची माहिती 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे भान ठेवून त्यांच्या संमतीनेच वापरली जाते.

दोन रिक्त जागांसाठी करारानुसार बदली उमेदवार विनाशुल्क देण्यास आम्ही बांधील आहोत आणि नोंदणीची पडताळणी झालेल्या उमेदवारांची यादी तयार आहे. मात्र ती पाठवण्यापूर्वी त्या दोन वॉर्डांचे पुढील महिन्याचे रोस्टर मेट्रन यांच्या सहीने आमच्याकडे यावे, ही विनंती कायम आहे.

आपला,
संचालक