१९३० साल आणि आपला चार पुतळा

परवा रात्री लेकीचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. धडा १९३० चा. तिनं धडाधडा म्हणून दाखवलं : २६ जानेवारीची पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा, १२ मार्चला साबरमतीहून निघालेली पदयात्रा, ६ एप्रिलला दांडीला उचललेलं मीठ, मग पेशावर, धारासणा, मुंबईत बाबू गेनू. सोलापूरचा परिच्छेद आला तशी थांबली. "पप्पा, हे आपल्या चार पुतळ्याचेच का ओ?"

हेच गं बाळा. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा हा सोलापूरचा चौक, रिक्षावाल्याला आपण रोज सांगतो तोच.

साडेअकरापर्यंत बोलत बसलो. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली आणि आपलं हे गिरणीगाव पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, पहिला पडला तो शंकर शिवदारे. चिडलेल्या जमावानं कोर्ट जाळलं, मंगळवार पेठेच्या चौकीत दोन पोलीस मारले गेले. हेही मी तिला सांगितलं, पोरांपासून लपवू नये. त्यानंतर पोलीस गावातून निघून गेले आणि ९, १०, ११ मे असे तीन दिवस सोलापूरवर इंग्रजांचं राज्य नव्हतं. रहदारी, पहारा सगळं काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळलं. कायदा कसा मोडायचा हे दांडीनं देशाला शिकवलं. पण सरकार नसताना गाव कसं चालवायचं, हे त्या वर्षी आपल्या गिरणी कामगारांच्या गावानं करून दाखवलं. माझ्या मते १९३० सालातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि पुस्तकात ती चार ओळींत उरकते.

१२ मेला मार्शल लॉ आला, तो थेट जूनअखेरपर्यंत. हातात झेंडा दिसला की तुरुंग.

पुढं याच प्रकरणात चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नुसती नावं वाचली तरी आपल्या पेठा डोळ्यांसमोर येतात. इतक्या वेगवेगळ्या घरांतली माणसं एकाच पहाटे गेली. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, गिरणी कामगारांचे पुढारी होते. किती सोलापूरकरांना हे माहीत आहे? आपण चौघांचं मिळून एक नाव केलं, मग तो चौक झाला, मग स्टॉप. याचा मला खरंच त्रास होतो.

शाळांचीही अडचण आहे. मे महिन्यात सुट्टी, १२ जानेवारीला गावात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची गडबड. दोन्ही तारखा शाळेच्या हातून निसटतात. म्हणून हे काम घरातूनच व्हायला पाहिजे.

लेकीनं पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं चारही नावं लिहून ठेवली, एकाखाली एक. येत्या १२ तारखेला सकाळी आठला आम्ही दोघं चार पुतळ्यापाशी असू. कुठला पुतळा कोणाचा, हे तिला एकेकासमोर उभं करून दाखवणार आहे. तुमची पोरं घेऊन या.