गुंता खाली, दोष वर

रेडिमेड पँटवाले माणसाच्या पायांची मापं नेमकी कुठल्या मुलखात जाऊन घेतात, देव जाणे. कंबर जमली तर पाय चार इंच जास्त, आणि पाय जमले तर कंबर श्वास घेऊ देत नाही. पूर्वी यावर इलाज होता. कोपऱ्यावर शिंपी असायचा, गळ्यात टेप, कानावर खडू, आणि आपल्या पोटाचा वाढता इतिहास त्याच्या वहीत तारीखवार असायचा. ते शिंपी गेले. आता उरलेत 'अल्टर करून मिळेल'वाले. आमच्या भागातल्या अल्टरवाल्याला कधीही विचारा, काम परवा होणार असतं. परवा गेलं की दुकान बंद असतं.

आणि हे कुठे, तर इचलकरंजीत! 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गाव खडखडतंय ते थांबायलाच तयार नाही. आमच्या गल्लीच्या मागेच रात्रभर माग चालतात. गावात रोज मैलोगणती कापड निघतं आणि त्यातलं चार इंच दुमडून टीप मारून द्यायला माणूस मिळत नाही.

पतसंस्थेतून निवृत्त होऊन घरी बसलो होतोच. म्हटलं, आपणच शिकू. "आहे काय त्यात? सुई खाली जाते, वर येते." सौभाग्यवतीने यावर काही मत दिलं नाही. फक्त आईच्या वेळच्या पायमशीनवरचे इस्त्रीचे कपडे, जुनी पंचांगं, औषधांचा डबा आणि बंद पडलेला मिक्सर एकेक करून खाली उतरवला. खाली मशीन निघालं. त्यावर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं म्हणतात. आता नुसती सोनेरी धूळ उरली आहे.

क्लास दोन गल्ल्या पलीकडे. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बाकीच्या विद्यार्थिनी म्हणजे लग्न ठरलेल्या दोन पोरी, फॅशन डिझायनिंगला जायचंय म्हणणारी एक, आणि फॉल-पिकोचा धंदा सुरू करायला निघालेल्या एक वहिनी. मी दारात उभा राहिल्यावर सगळ्यांना वाटलं, कुणाला तरी न्यायला आलोय.

"बसा की ओ काका," बाई म्हणाल्या, आणि पहिल्याच दिवशी वहीत प्रकार लिहायला लावले. हातमशीन, पायमशीन, मोटरचं मशीन. झिगझॅगचं, ज्यात सुई आडवीही सरकते आणि काज करता येतात. ओव्हरलॉक, ज्यात बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, नसतेच. तीन-चार रिळं लागतात, आणि बाजूचं पातं कापडाची कड छाटत असतानाच दोरे ती कड गुंफत जातात. शेवटी कारखान्यातलं जुकी. जुकी हे जपानी कंपनीचं नाव, पण आमच्याकडे त्या जातीचं कुठलंही मशीन जुकीच. ते मिनिटाला पाच हजार टाक्यांपर्यंत जातं. माझा वेग पुढे बरेच दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता, आणि त्यातले निम्मे टाके उलट्या दिशेने.

कारण मशीनच उलटं फिरतं. पायडलला दांडी, दांडीला मोठं चाक, मोठ्या चाकावरून चामड्याचा पट्टा वरच्या छोट्या चाकाला. मोठं चाक एकदा फिरलं की छोटं कितीतरी वेळा फिरतं. पायाच्या एका दाबात टाक्यांची रांग लागते ती यामुळेच. हे सगळं वहीत फार छान दिसतं. पण दांडी अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायडल दाबलं, तर चाक पुढे जायचं की मागे हे त्याच्या मर्जीवर. मागे गेलं की दोरा तुटतो. म्हणून आधी वरचं चाक हाताने आपल्याकडे ढकलायचं आणि त्याच क्षणी पायाने लय धरायची. उजवा पाय किंचित पुढे, डावा किंचित मागे. माझे पाय आयुष्यभर एकमेकांना न विचारता चालत आलेले. त्यांच्यात एकमत होईना.

बाईंनी मग चाकाच्या मधला स्क्रू सैल करून दिला. तो सैल केला की चाक गरगर फिरतं, आवाज जोरात येतो, पण सुई जागची हलत नाही. बॉबिन भरताना ही सोय वापरतात. "आता नुसतं पाय मारा." चाक फिरतंय, घाम निघतोय, काम शून्य. पतसंस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही अवस्था नवी नव्हती. तिथे माझे पाय पहिल्यांदा रमले.

मग कागद. सुईत दोरा नाही, फुटाखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, ओळीच्या वहीचं पान, आणि छापील ओळीवरून सुई न्यायची. सरळ ओळी झाल्या की चौकोन. कोपरा आला की सुई कागदात रुतलेली ठेवायची, फूट उचलायचा, कागद फिरवायचा, फूट टाकायचा. "फूट उचला, काका!" असं बाई ओरडल्या तेव्हा मी माझा उचलला. पोरी तोंडात ओढण्या घालून हसल्या. चौकोनानंतर गोल, आतून बाहेर फिरत जाणारा. माझं पान उजेडासमोर धरून बाईंनी बराच वेळ पाहिलं. फॅशन डिझायनिंगवाली म्हणाली, "काका, हे अॅब्स्ट्रॅक्ट आहे."

दोरा ओवणं हा स्वतंत्र संसार आहे. रिळापासून निघालेला दोरा मागच्या आकड्यातून, टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, दोन चकत्यांमधून, तिथल्या तारेच्या स्प्रिंगमधून, वरखाली नाचणाऱ्या लिव्हरच्या भोकातून, सुईजवळच्या कडीतून, मग सुईत. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. हातसुईच्या बरोबर उलट. ही युक्ती आणि खालचा दुसरा दोरा एकत्र बसवून अमेरिकेतल्या एलायस हाउने 1846 साली पेटंट घेतलं. भाल्याच्या टोकांना भोकं असलेले लोक स्वप्नात आले आणि त्याला हे सुचलं, अशी एक दंतकथा आहे. माझ्या स्वप्नातही ते येतात, पण त्यांच्या हातात नुसते भाले असतात.

टाका कसा पडतो ते मात्र एकदा डोळ्यांनी पाहावंच. बाईंनी सुईशेजारची सरकती पट्टी उघडली, मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि चाक हाताने, अगदी हळू फिरवलं. सुई दोरा घेऊन खाली गेली. तळ गाठून जराशी वर उचलली, तेव्हा तिच्या पाठीशी दोऱ्याचा एवढासा फासा सुटला, मिशीच्या केसाएवढा. शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या आकड्याचं, टोक बरोबर त्या फाशात शिरलं. त्याला धरून, रुंदावत, बॉबिनच्या अख्ख्या डबीभोवती फिरवून आणलं आणि सोडलं. वर लिव्हरने झटका देऊन उरलेला दोरा ओढून घेतला. दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात जाऊन बसली. इकडे खालचे दाते वर आले, कापड एका टाक्याएवढं मागे सरकवलं, खाली बुडाले, आतून पुढे आले. पुन्हा तयार. म्हणजे प्रत्येक टाक्याला बॉबिन डबीसकट त्या फाशातून पार होते. ओव्याच्या दाण्याएवढ्या टाक्यासाठी! मी परत दाखवा म्हटलं. बाईंनी परत दाखवलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर वहिनींनी घड्याळ पाहिलं.

आता मुख्य दुखणं. कापड घेतलं, टीप मारली. वरून पाहावं तर टीप सुरेख, उलटून पाहावं तर खाली दोऱ्याचं जंजाळ, घरट्यासारखं. साहजिकच मी खालचं बघायला लागलो. बॉबिन काढली, झटकली, डबीचा स्क्रू पिळला, बॉबिन उलटी घातली, परत सुलटी घातली. गोळा येतोच आहे. नवी बॉबिन विकत आणली. गोळा नव्या बॉबिनवरही तितक्याच प्रेमाने आला.

बाई लांबूनच म्हणाल्या, "काका, खालच्याला कशाला पिडायलाय? बिचाऱ्याचा दोष नाही त्यात. वर बघा." वर म्हणजे टेन्शनच्या चकत्या. फूट खाली टाकलेला असला की त्या चकत्या एकमेकींना घट्ट दाबून बसतात. अशा वेळी ओवलेला दोरा आत शिरतच नाही, कडेकडेने लोंबतो. त्याला धरणारं कोणी नाही, म्हणून तो वाट्टेल तेवढा खाली उतरतो आणि तिथे जाऊन गुंता करतो. फूट वर घ्यायचा, चकत्या सैल होतात, मग ओवायचं. बस्स. याच्या उलट, वरून टीप ताणलेली आणि खालचा दोरा वर डोकावत असला, तर वरचं टेन्शन जास्त किंवा डबीचा स्क्रू सैल.

हे ऐकून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. पतसंस्थेत दरवर्षी मार्चअखेर जो गोंधळ व्हायचा, त्यात आम्ही काउंटरवरच्या पोरांना झाडायचो. कारकून बदलले, शिपाई बदलला, एकदा तर काउंटरच बदललं. वर चकत्या कुणी उघडून पाहिल्या नाहीत. वरच्या चकत्यांत मीही होतो, पण तो विषय वेगळा.

गांधीजींनी यंत्रांबद्दल इतकं कडक लिहिलं, तरी 1924 साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला. बायकोला हाताने शिवत बसावं लागतं हे पाहवेना म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र काढलं, अशी त्यांची समजूत होती. आयझॅक सिंगर मूळचा नाटकवाला. 1851 साली त्याने पेटंट घेतलं, आणि 1856 पासून त्याच्या कंपनीने मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. एकाच वेळी चालणारे त्याचे संसार अनेक, आणि मुलं दोन डझनांच्या घरात. बायकोवर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. कुठल्या, एवढंच विचारतो. शिवाय एवढ्या लेकरांची झबली हाताने शिवायची म्हटल्यावर कुणालाही यंत्र सुचेल.

त्याच्या आधी फ्रान्समध्ये तिमोनिएने मशीन केलं होतं. त्यावर सैनिकांचे गणवेश शिवायला लागल्यावर 1831 साली पॅरिसच्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून मशीनं फोडली. पोटावर पाय येईल या भीतीने फोडली म्हणतात. असेल. पण त्यातल्या एखाद्याने आधी बसून चालवून पाहिलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

सुई मोडली तेव्हा तर खात्रीच झाली. कापड दाते नेतात, आपण नुसती दिशा द्यायची. पण हातांना राहवत नाही, ते मागून ओढतात. ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि टक्कन मोडते. "ओढू नगासा ओ काका," हे वाक्य क्लासच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही. दुकानात जाऊन म्हटलं, मशीनची सुई द्या. "नंबर?" पातळ कापडाला 11, साध्या सुती कापडाला 14, जाडाला 16, जीन्सला 18. मी 14 सांगितलं, तेही आवाजात जरब आणून. घरी येऊन लावली तर टाकाच पडेना. सुईचा माथा एका बाजूने चपटा असतो आणि दुसऱ्या बाजूने खाली लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. चपटी बाजू फिरली, तर शटल फासा शोधत रिकामंच फिरतं.

एवढं सगळं पार करून मी एक दिवस ती पँट घेऊन क्लासला गेलो. बाईंनी खालचा घेर बोटांत धरला, उलटा करून पाहिला.

"ही मशीनवर मारत नाहीत ओ काका. टीप बाहेरून दिसत्या. हाताने तुरपाई करायची."

"हाताने?"

"साध्या सुईने. काकूंना येत असेल की."

काकूंना येत होती. मालिका बघता बघता, एकदाही खाली न बघता, दोन्ही पायांचे चार-चार इंच तिने वर घेतले. मधल्या जाहिरातीत दोरा दातांनी तोडला आणि पँट माझ्या अंगावर टाकली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण क्लासची फी भरली होती, आणि भरलेली फी सोडून देणं पतसंस्थेच्या माणसाला जमत नाही. पुढचा धडा उशीचा अभ्रा होता, तो झाला. त्यानंतर बाईंच्या क्रमाप्रमाणे झबलं. मापं लहान, कापड थोडं, चुकलं तरी नुकसान नाही, म्हणून शिवणक्लासात पहिला कपडा झबलंच असतो. पिवळ्या मलमलीचं, मागे बंद, गळ्याला पायपिंग. गळा जरा एका खांद्याकडे झुकला, पण उलटून बघितलं तर खाली एकही गोळा नाही! धुऊन, इस्त्री करून, मी ते आमच्या गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलं. मुद्दाम रस्त्याच्या बाजूने.

दुपारपर्यंत शेजारच्या काकू पेढ्यांबद्दल विचारून गेल्या. दूधवाला म्हणाला, आता अर्धा लिटर वाढवू का. संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन. त्याच्या लग्नाला वर्षही झालेलं नाही.

"बाबा, तुम्ही तिथे काय पसरवलंय? हिच्या आईचा फोन आला होता. रडत होत्या आनंदाने."

मी त्याला मशीनचे प्रकार, भाग आणि बाईंचा अभ्यासक्रम असं क्रमाने समजावून सांगितलं. फूट वर घेऊन दोरा ओवायचा असतो, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

पुढच्या आठवड्यात टोपडं आहे, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.