सरकारी योजना असताना देणगी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकसा आणि शोधग्राम इथल्या दवाखान्यांना नियमित देणगी द्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मनापासून आणि बरंच रागावून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: पाच लाखांची सरकारी आरोग्य योजना असताना देणग्या कशाला? लोक पैसे देत राहतात म्हणूनच सरकार अंग काढून घेतं. नक्षल चळवळ आता मोडकळीला आली आहे, तेव्हा 'संघर्षग्रस्त' हे कारणही उरलेलं नाही. आणि जखमी कोण आहे हे न विचारता उपचार होत असतील, तर आपला पैसा नेमका कोणावर खर्च होतो? प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

योजनेपासून सुरुवात करू. महात्मा फुले जन आरोग्य योजना चांगली आहे, हे मी आधीच मान्य करतो. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्या आठांत गडचिरोली होता. पण ती रुग्णालयाचं बिल भागवते, आणि हेमलकशाजवळच्या भामरागडच्या माणसाचा खर्च बिलापाशी सुरू होत नाही, तिथे संपतही नाही. भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर. तिथून नागपूर जवळपास तेवढंच पुढे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यात इथल्या माडिया आदिवासी कुटुंबात आजारी माणसाला कोणी एकटं पाठवत नाही. बायको, मुलं, म्हातारी आई, सगळे बरोबर निघतात. त्यांनी राहायचं कुठे, खायचं काय? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, वर्षभराची रोकड मुख्यतः याच दिवसांत हातात येते. नेमकं तेव्हाच कोणी आजारी पडलं, तर शस्त्रक्रिया फुकट होऊनही घर वर्षभर मागे पडतं. ही रक्कम योजनेच्या कुठल्याही पॅकेजमध्ये बसत नाही. सगळं सोडून माणूस अर्धवट उपचारावर परत जातो तो बहुतेक वेळा याच कारणाने, आणि मग आपण शहरात बसून 'हे लोक डॉक्टरकडे येतच नाहीत' असं म्हणतो. मला या वाक्याचा फार राग येतो.

रुग्णाबरोबर घर येणार, हे ज्यांनी ओळखलं त्यांचे दवाखाने चालले. हेमलकशात १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे नातेवाईक आवारातच राहतात, तीन दगडांची चूल मांडून रांधतात. इंद्रावती नदीपलीकडून, छत्तीसगडातूनही लोक येतात. कागद आधी मागितले असते तर त्यांतले किती आले असते? डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी लोकांना विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, घरच्यांना जवळ राहता येत नाही, असं लोकांनी सांगितलं. म्हणून 'सर्च'च्या शोधग्राममध्ये झोपड्यांसारखी बांधणी झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. असा दवाखाना चालवायचा तर पगार, औषधं, गाडीचं डिझेल, वीज हे दर महिन्याला लागतं. देणगीदाराला मात्र इमारतीवर पाटी हवी असते, किंवा मशीनवर नाव. मी ज्या देणगीबद्दल लिहिलं, ती या रोजच्या खर्चासाठी होती.

आता सरकार अंग काढून घेतं या मुद्द्याकडे येतो. कायद्यानेच ठरवलेला धर्मादाय पैसा महाराष्ट्रात आहे, हे आधी लक्षात घ्या. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची आहे. पण ही मोठी रुग्णालयं मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत. म्हणजे जिथे डॉक्टर आधीच आहेत तिथेच हा पैसाही आहे. हा निधी दुर्गम भागात वळवण्याची सोय करा, अशी मागणी तुम्ही करणार असाल तर मी तुमच्याबरोबर उभा राहीन.

आणि देणग्यांनी सरकार नेहमी आळशीच होतं असं नाही. 'सर्च'ने गडचिरोलीच्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, घरी जन्मलेल्या बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेण्याचं ठरवलं. सरकारी हुकमाची वाट बघत बसले असते, तर हे करून दाखवणार कोण होतं?

नक्षल चळवळीबद्दल तुम्ही म्हणता ते बऱ्याच अंशी खरं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल नेता भूपती आणि त्याच्या ६० साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्याचा मलाही आनंद झाला. पण सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात दोन लहान भावांचे मृतदेह आईवडिलांनी खांद्यावर घेऊन चिखलातून गावी नेले, तेव्हा त्यांची वाट कोणत्या बंदुकीने अडवली होती? रुग्णवाहिका नव्हती, एवढंच. चाळीस वर्षं भीतीमुळे जे रस्ते झाले नाहीत, ज्या जागांवर डॉक्टर टिकले नाहीत, ते शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही. उलट, आता रस्ते होतील तशी रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या वाढेल आणि खर्चही.

जखमी कोण, या प्रश्नावर मला फार बोलायचं नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की रुग्ण निर्दोष असो वा गुन्हेगार, जीव वाचवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. कायद्याची कारवाई नंतर. युद्धातल्या जखमींबद्दलच्या १९४९ च्या जिनिव्हा करारांचा तिसरा अनुच्छेदही हेच सांगतो. शिवाय तिथली बहुसंख्य गर्दी मलेरियाने फणफणलेल्या पोरांची, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांची, अडलेल्या बाळंतिणींची असते. एखाद्या जखमीवर संशय घेऊन त्या सगळ्यांचा हात सोडायचा का?

एका बाबतीत माझं तुमच्याशी पूर्ण जमतं. रडक्या मुलाचा फोटो लावून एका शस्त्रक्रियेसाठी लाखो गोळा करायचे आणि पुढे औषधांना पैसे नाहीत, हे मलाही पटत नाही. म्हणून संस्थेला देणगी देताना दोन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी पगार आणि औषधांवर किती गेले, आणि पुढच्या रुग्णालयात पाठवलेल्या माणसाबरोबर कोणी गेलं का. तुम्ही नागपूरचे आहात असं लिहिलंत. तिथल्या 'मेडिकल'मध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, माडियाशिवाय दुसरी भाषा न येणारे नातेवाईक कुठल्या खिडकीवर जायचं ते न कळून बसून असतात. एखाद्या माडिया बोलणाऱ्या तरुणाचा महिन्याचा पगार तुम्ही आणि तुमचे चार मित्र मिळून सहज उचलू शकता. तयारी असेल तर कळवा, पुढचं बोलू.