कान दुखतोय? आधी वजन उतरवा!

नुकतंच पदवीचं भेंडोळं हाती पडलेल्या डॉक्टरांनो, अभिनंदन! आता रोज पेशंट येतील आणि त्यातले काही जाडे असतील. घाबरू नका. जाडा पेशंट हा सगळ्यात सोपा. बाकीच्यांना नाडी, जीभ, छाती असं सगळं तपासावं लागतं. याचं निदान तो दारातून आत शिरतानाच होतं.

मागच्या आठवड्यात मी कान दुखतो म्हणून गेले होते. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. समोर तुमच्यातलाच एक जण, कोरा करकरीत अ‍ॅप्रन. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती?" म्हटलं, "कान दुखतोय." तर म्हणे, "ते बघू हो, पण आधी वजनाचं मनावर घ्या." आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! कानात बघायचा ओटोस्कोप त्याच्या कोपराशीच पडला होता. मी बाहेर पडले तेव्हाही तो तिथेच होता.

त्या गुणी मुलाकडून जे शिकले, ते तुमच्यासाठी.

वजनकाटा नेहमी बाहेर, रांगेसमोर ठेवा. आकडा खणखणीत आवाजात पुकारा, शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे.

बीपीचा पट्टा एकाच मापाचा ठेवा आणि जाड दंडावर तोच ओढूनताणून बसवा. लहान पट्ट्याने बीपी उगाच जास्त दिसतं, म्हणजे रागवायला आणखी एक निमित्त.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, काढला की पेन खाली ठेवा. ते सूत्र एकोणिसाव्या शतकात क्वेटेले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने मांडलं, 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधताना. तो डॉक्टर नव्हता, पण तुम्हीही कुठे त्याच्यापुढे जाताय? चरबी किती, स्नायू किती, हे त्या आकड्याला कळत नाही. कमरेचा घेर मोजायचा तर टेप शोधायला उठावं लागेल. बसा.

पेशंट कोणती औषधं घेतो ते चुकूनही विचारू नका. स्टिरॉइड, इन्सुलिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरचं ओलान्झापीन यांनी वजन वाढू शकतं असं निघालं, तर दोष पेशंटवर कसा टाकणार?

आणि आता मुख्य मंत्र: "कमी खा, जास्त चाला." बस्स, चार शब्द. हे आम्ही जन्मात कधी ऐकलेलं नसतं, त्यामुळे डोळे लख्ख उघडतात. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन पाव हिश्श्याने उतरलं, पण त्यांना थंडी वाजायला लागली, अंगातलं त्राण गेलं आणि डोक्यात रात्रंदिवस फक्त अन्न. वजन उतरलं की शरीर आपला खर्च आवरतं आणि भूक वाढवतं, हे तेव्हाच दिसलं होतं. १९९४ मध्ये लेप्टिन, म्हणजे चरबीतून निघणारं आणि भूक आवरणारं संप्रेरक, सापडलं, त्यामागचं रसायनही कळू लागलं. हे सगळं तुम्ही परीक्षेत लिहिता, मार्क घेता आणि ओपीडीत येऊन म्हणता, मनावर घ्या! अहो, मी तीनदा वजन उतरवलंय. एकदा ११ किलो. तिन्ही वेळा परत आलं. कसं उतरवलं, का परत आलं, घरी तेव्हा काय चाललं होतं, एकाने तरी विचारलं? २००२ च्या त्या गाजलेल्या अभ्यासाचा दाखला देता ना, थोडं वजन उतरवून आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करून मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला म्हणून? त्यातल्या प्रत्येकामागे शिकवायला एक माणूस होता. समोर बसून घेतलेले १६ धडे होते. लक्ष्य होतं फक्त ७ टक्के वजन उतरवण्याचं. तुमचा धडा चार शब्दांचा, तोही मान खाली घालून, पुढच्या पेशंटचं नाव पुकारता पुकारता!

जाऊ दे, सल्ला देत होते मी. आणखी एक: कधी परवानगी मागू नका. "वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" असं विचारलं तर पेशंट बोलायला लागतो, मग ऐकावं लागतं.

नाही, आता हे सोंग पुरे. सरळच सांगते. दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी कानात पाहिलं. पडद्यामागे पू होता. त्यांना बघायला अर्धं मिनिटही लागलं नाही. माझं वजन जास्त आहे हे मला माहीत आहे, माझ्या घरी आरसा आहे. मी त्याबद्दल बोलायला तयारही होते, पण कान ठणकत असताना नव्हे, आणि जो माणूस कानात डोकावत नाही त्याच्याशी तर मुळीच नाही. आणि तुम्हाला शिकवणाऱ्यांनो, विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी दारूच्या पेशंटशी कसं बोलावं, आधी त्याचंच कसं ऐकावं, हे १९८३ मध्येच लिहून ठेवलं. वजनासाठीही ती रीत वापरतात. तुम्ही ती एका लेक्चरात उरकता आणि मग वॉर्डात मुलांसमोर स्वतःच पेशंटच्या पोटावरून विनोद करता. मुलं लेक्चर विसरतात, विनोद उचलतात.

उद्या छातीत दुखलं तर तुमच्याकडे यायच्या आधी मी दहादा विचार करीन. त्यात उशीर झालाच, तर कागदावर कारण काय लिहाल तेही मला ठाऊक आहे: स्थूलता.