मळलेली वाट आणि न हरवलेले झाकण

काल शिंप्याने पँटची उसवलेली शिवण साठ रुपयांत घालून दिली आणि पैसे घेताना, दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांसमोर, "घसरगुंडीवर बसला होतात काय?" असे विचारले. जी गोष्ट कबूल करावी लागू नये म्हणून मी मागच्या रविवारी सह्याद्रीतल्या सिंगापूर गावाच्या नाळेत, म्हणजे कड्यातून उतरणाऱ्या धोंड्यांच्या घळीत, एका सत्तरीच्या बाईशी धडधडीत खोटे बोललो होतो, ती अशी साठ रुपयांत चारचौघांत उघडी पडली.

राजगड, तोरणा आणि तिथून कोकणात उतरून रायगड, असा चार दिवसांचा बेत माझ्या एका मित्राने आखला होता. निघण्यापूर्वी मी त्याला वाट कशी आहे एवढेच विचारले. "मळलेली आहे," तो म्हणाला. डोंगरात हिंडणाऱ्या मंडळींच्या तोंडी हा शब्द इतका सहज असतो की ती वाट कुणी मळली आणि कधी मळली, हे विचारण्याचे कुणाला सुचतच नाही. सह्याद्रीत वाटा मळण्याचे काम माणसांपेक्षा गुरे अधिक निष्ठेने करतात, आणि गुरांना रायगडाला जायचे नसते. तोरण्याच्या पलीकडे अशाच एका ऐसपैस ढोरवाटेने आम्ही पाऊण तास चाललो, तेव्हा ती एका पाणवठ्यापाशी संपली. तिथे बसलेली म्हैस, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्यांकडे पाहावे, तशी आमच्याकडे पाहत होती.

त्याआधीचा दिवसही काही कमी नव्हता. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून तोरण्याच्या धारेला लागले की कारवीची झुडपे सुरू होतात. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, पण ओरबाडण्याच्या बाबतीत तिने असा काही नेम ठेवलेला नाही. बुधला माचीकडचा चढ म्हणजे सुटा मुरूम आणि त्यावर वाळलेले गवत, त्यामुळे दोन पावले वर गेल्यावर दीड पाऊल खाली येण्याची व्यवस्था आपोआप होते. युनेस्कोने २०२५ साली जागतिक वारसा यादीत राजगड घेतला, रायगड घेतला आणि मधला तोरणा वगळला. त्यांच्या तज्ज्ञांना या बाजूने चढवले असते, तर निदान पायाखालच्या या घसाऱ्याचा तरी स्वतंत्र विचार झाला असता.

खडकांवर रंगवलेल्या बाणांविषयीही एकदा बोललेच पाहिजे. मोहरी गावाच्या अलीकडे एकाच दगडावर पांढरा बाण उजवीकडे आणि भगवा बाण डावीकडे जात होता, आणि दोहोंखाली संबंधित मंडळांची नावे मात्र सुवाच्य अक्षरांत होती. परक्याला वाट सापडावी यापेक्षा आपण इथे येऊन गेलो हे जगाला कळावे, हीच या रंगकामामागची खरी कळकळ असावी. शेवटी भरवशाची खूण उरली ती वेफर्सच्या पाकिटांची. कचरा दिसला की वाट बरोबर आहे, हे सूत्र चार दिवसांत एकदाही चुकले नाही, आणि ही काही विनोदाने सांगण्याची गोष्ट नाही.

मोहरीहून कोकणात उतरायला दोन नाळा जवळ पडतात. लिंगाण्याचा सुळका आणि रायलिंगीचे पठार यांच्यामधून उतरणारी बोराट्याची नाळ अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे मी आग्रहाने सोपी सिंगापूरची नाळ निवडायला लावली. ही नाळ दापोलीत उतरते. ही दापोली म्हणजे रायगडाच्या बाजूचे छोटे गाव, रत्नागिरीची दापोली नव्हे. नाळ म्हणजे पावसाळ्यात पाण्याने वापरायची आणि उरलेले आठ महिने माणसांना भाड्याने द्यायची जागा. सहा कोटी वर्षांहून अधिक काळ एका जागी टिकलेल्या या बेसॉल्टचे धोंडे नेमके माझा पाय पडल्यावर का हलतात, हे मला कळलेले नाही. सोबती केव्हाच खाली दिसेनासे झाले होते. मी तोंड डोंगराकडे करून, चारही अवयव जमिनीला टेकवून, एकेक धोंडा चाचपत उतरत असताना वरून आवाज आला.

"काय पडलं व्हय, दादा?"

पाहिले तर नऊवारी, प्लास्टिकच्या चपला आणि डोक्यावर चुंबळीवर उभा ठेवलेला टेबलफॅन. नाळेतून वर येणाऱ्या वाऱ्याने त्याची पाती सावकाश फिरत होती. खरे सांगण्याची ती वेळ होती. पण टेबलफॅन घेऊन ताठ उतरणाऱ्या बाईला "मला भीती वाटते आहे" असे सांगणे मला जमले नाही.

"कॅमेऱ्याचं झाकण पडलं, आजी," मी म्हणालो.

आजींनी तत्काळ फॅन एका सपाट दगडावर ठेवला, पदर खोचला आणि त्या शोधायला लागल्या.

"केवढं हाय?"

मी बोटांनी आकार दाखवला.

"रंग?"

"काळा."

आजींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा सगळ्या नाळेकडे पाहिले. "काळ्या धोंड्यांत काळं झाकाण घिऊन आलासा? तांबडं मिळत न्हवतं?"

मी कंपनीला दोष दिला. मग त्यांनी किंमत विचारली, आणि गोष्ट किरकोळ वाटून त्या निघून जाव्यात म्हणून मी दीडशे रुपये सांगितले. हा हिशेब साफ चुकला. "दीडशे!" असे म्हणून त्यांनी मागून येणाऱ्या नातवाला हाक मारून कामाला लावले, आणि झाकण नेमके कुठून पडले ते दाखवायला मला पुन्हा वर चढवले. लेकीचा फॅन बिघडला आहे आणि घाटमाथ्यावर गार असल्याने हा नुसताच पडून असतो, ही माहिती त्यांनी शोधता शोधताच दिली. गाडीने न्यायचा तर केवढा वळसा पडतो, हेही त्या तक्रारीचा सूर न लावता म्हणाल्या. माझ्या तीन दिवसांच्या तक्रारींची मलाच थोडी लाज वाटली, पण फार वेळ नाही, कारण तेवढ्यात परत उतरताना मी बसलो, आठदहा फूट बसूनच गेलो, आणि शिवण उसवली ती तेव्हा.

"आता पँट बी गेली," आजी म्हणाल्या. "ती कितीची?"

आणि त्याच क्षणी नातू "घावलं!" म्हणून ओरडला. त्याच्या हातात खरोखरच कॅमेऱ्याचे काळे झाकण होते.

आजींचा आनंद पाहवत नव्हता. "बसवून बघा की," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचं असलं तर?" माझ्याजवळ फोन सोडून कॅमेऱ्याच्या जातीचे काहीही नव्हते. कॅमेरा मित्राच्या पिशवीत आहे, मित्र खाली आहे, असे मी म्हणालो. "झाकाण तुमच्याजवळ अन् कॅमेरा त्याच्याजवळ व्हय?" एवढेच म्हणून त्यांनी फॅन डोक्यावर घेतला आणि दहा मिनिटांत त्या दिसेनाशा झाल्या. मी दापोलीत पोहोचलो तेव्हा पहिल्याच अंगणातून कुणीतरी "झाकाण घावलं ते ह्येच का?" असे विचारले, आणि माझे सोबती तिथेच चहा पीत बसले होते.

झाकण सध्या माझ्या टेबलावर आहे. आतल्या बाजूला ५२ असा आकडा आहे आणि कडेला एक ओरखडा आहे. ज्याचे असेल त्याने ते खुशाल घेऊन जावे. शिंप्याचे साठ रुपये तेवढे आणावेत.